पाकट, पतंग आणि माझा मेमो

मी माफी मागितली नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण कॉलेजात अजूनही काही जण सांगतात की मी दोन ओळी लिहून दिल्या आणि प्रकरण मिटलं. दोन ओळी मी लिहिल्या होत्या, हे खरं आहे. पण त्या माफीच्या नव्हत्या.

नाशिकच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र विभागात मी एकतीस वर्षं प्रयोगशाळा परिचर होते. लोक याला शिपाई म्हणतात. मी दर वेळी दुरुस्त करत आले आणि आताही करते. शिपाई फाईल नेतो. परिचर प्रयोगाची मांडणी करतो, सूक्ष्मदर्शकाची भिंगं पुसतो, आणि आमच्या विभागात तर परिचरानं म्युझियमही सांभाळायचं असे. म्युझियम म्हणजे एक लांबट खोली, तिन्ही भिंतींना काचेची कपाटं, आणि त्यांत फॉर्मॅलिनच्या बरण्यांत मासे, बेडूक, साप. कीटकांच्या लाकडी पेट्या वेगळ्या. खोलीत शिरलं की डोळ्यांत पाणी यायचं. मला पहिले सहा महिने आलं, मग डोळे सरावले.

बाहेरच्यांना वाटतं, मेलेल्या प्राण्यांना काय सांभाळायचं. उलट, जिवंत प्राणी भूक लागली की ओरडतो तरी. बरणीतलं पाणी हळूहळू उडतं, माशाची पाठ उघडी पडते आणि तो कुजायला लागतो, आणि यातलं काहीच आवाज करत नाही. कीटकांच्या पेटीत डांबरगोळ्या संपल्या की केसाळ अळ्या शिरतात आणि आतल्या आत सगळं खाऊन भुगा करतात. म्हणून रोज एक कपाट उघडून बघायचं, असा माझा नेम होता. माझे वडील देवळाली कॅम्पात शिंपी होते, जवानांचे गणवेश शिवायचे. टाचणी कापडाला न दुखावता कशी लावायची हे मी त्यांच्याकडे बघून शिकले, आणि तेच मला कीटकांच्या कामी आलं. आमचे विभागप्रमुख खैरनार सर देवळ्याचे, कांद्याच्या शेतकऱ्याच्या घरातले. ते मुलांना सांगायचे, "टाचणी कशी लावायची ते मावशींना विचारा. मला विचाराल तर पाय तुटेल."

आता पाकटाबद्दल सांगते. पाकट हा समुद्रातला चपटा मासा. थाळीसारखं अंग, दोन्ही बाजूंना पंखांसारखे पसरलेले पर, मागे चाबकासारखी शेपटी. आमचा पाकट सरांनी डहाणूच्या सहलीतून आणला होता. बंदरावरच्या कोळीणबाईंनी तो दिला तेव्हा शेपटीवरचा विषारी काटा आधीच कापून टाकला होता. सर हळहळले. त्या म्हणाल्या, "काटा पाहिजे तर हात देऊन काढा तुम्ही." सरांनी बिनकाट्याचाच पाकट घेतला.

पतंग मात्र मी स्वतः आणला. एका श्रावणात गंगापूर रोडवरच्या एका बंगल्यातून विभागात फोन आला की भिंतीवर साप बसलाय आणि त्याला पंख आहेत. सरांचा तास होता, त्यांनी मला पाठवलं. मी रिक्षानं पोचले तेव्हा घरातले आजोबा हातात कुंच्याची काठी घेऊन उभे होते, आणि त्यांच्या सूनबाईंनी पोरांना आतल्या खोलीत कोंडलं होतं. पोर्चच्या भिंतीवर मोठा तांबूस पतंग होता, माझ्या दोन्ही पंज्यांएवढा. पंखांच्या वरच्या टोकांना सापाच्या तोंडासारखा आकार आणि त्यात डोळ्यासारखा ठिपका.

"बाजूला व्हा, मी मारतो," आजोबा म्हणाले.

मी त्यांच्या आणि भिंतीच्या मध्ये उभी राहिले. म्हटलं, "आजोबा, हा चावू शकत नाही. याला खायचं तोंडच नाही."

"तोंड नाही असा प्राणी असतो का?"

"याला नसतं. अळी असताना जेवढं खाल्लं तेवढ्यावर आठवडाभर जगतो आणि मरतो. तेवढे दिवस द्या त्याला."

त्यांना ते पटलं की माझी दया आली, ठाऊक नाही, पण काठी खाली गेली. पाचव्या दिवशी त्यांचाच फोन आला. "गेला हो तो," म्हणाले, आणि त्यांचा आवाज चक्क पडला होता. मी मिठाईच्या खोक्यात कापूस घालून पतंग आणला, ओल्या वाळूवर ठेवून पंख मऊ केले आणि दोन दिवस लावून पसरवला. एक स्पर्शिका माझ्या हातून मोडली. तेवढी चूक माझी.

म्युझियममध्ये पाकट आणि पतंग एकमेकांच्या शेजारी यायला नको होते. मासे एका भिंतीला, कीटक दुसऱ्या. पण कीटकांच्या कपाटामागची भिंत पावसाळ्यात झिरपायची, म्हणून पतंगाची पेटी मी माशांच्या कपाटात हलवली. जागा पाकटाच्या बाजूलाच होती. तिथे ते दोघे राहिले, आणि येणारी-जाणारी मुलं दोघांकडे एकदम बघू लागली.

त्यातली एक जयवंती. सुरगाण्याच्या बाजूच्या एका पाड्यावरची, मुलींच्या वसतिगृहात राहणारी. वर्गात ती बोलत नसे. इंग्रजीतून शिकवलेलं तिला कळायचं, पण इंग्रजीतून उत्तर द्यायचं म्हटलं की ओठ मिटायचे. दुपारच्या सुट्टीत ती म्युझियममध्ये येऊन खिडकीशी बसायची. डब्यात नागलीची भाकरी आणि चटणी. म्युझियममध्ये खायला मनाई होती, म्हणून मी तिला दाराबाहेरच्या बाकावर बसवायचे आणि दार उघडं ठेवायचे. जेवून हात धुतले की ती आत येऊन बघत बसायची.

एकदा तिनं विचारलं, "मावशी, ह्या पाकटाचं तोंड खाली हाय. कल्ल्यांच्या फटीपण खाली. मग हा वाळूत बसला तर श्वास कुठून घेतो? सगळी वाळूच जाईल ना आत?"

मला उत्तर येत नव्हतं. अठरा वर्षं मी त्या माशाचं पाणी बदलत होते आणि हा प्रश्न मला पडला नव्हता. आम्ही दोघी सरांकडे गेलो. सरांनी खुर्ची मागे सारली, म्युझियममध्ये आले आणि पाकटाच्या डोळ्यांमागची दोन भोकं दाखवली. म्हणाले, "हे श्वासरंध्र. स्पायरॅकल. पाणी इथून वरून आत घेतो आणि खाली कल्ल्यांतून सोडतो."

जयवंती पतंगाकडे वळली. "सर, कीटकांच्या पोटाला कडेनं भोकं असतात, त्यांनापण स्पायरॅकलच म्हणतात ना?"

"म्हणतात. नाव तेच, भोकं वेगळी. हा पाणी घेतो, तो हवा घेतो. एकमेकांशी काही नातं नाही."

त्या आठवड्यात पाकटाचं पाणी बदलायचं होतं. मी जयवंतीला थांबवून घेतलं. हातमोजे घालून मासा पांढऱ्या ट्रेमध्ये ठेवला, पिचकारीच्या बाटलीचं टोक डोळ्यामागच्या भोकाला लावलं आणि दाबलं. क्षणभर काही झालं नाही. मग खालून, पोटाकडच्या फटींतून, पाणी ट्रेमध्ये आलं. जयवंतीनं मला परत करायला लावलं, मग तिनं स्वतः केलं. त्यानंतर आठवडाभर ती त्या दोघांमधली साम्यं आणि फरक वहीत लिहीत होती. पाकटाच्या अंगात हाड नाही, सगळी कूर्चा, आपल्या नाकाच्या शेंड्यासारखी. पतंगाच्या आत तर काहीच नाही, सांगाडा बाहेरून कवचासारखा. पाकटाचे पंख म्हणजे पसरलेले पर, पतंगाचे पंख म्हणजे अंगाच्या कवचाला फुटलेले पातळ पदर. पाकट पोटात पिल्लं वाढवतो आणि जिवंत जन्माला घालतो, पतंग अंडी घालून मरतो. एकाला खरा काटा असतो, दुसरा नुसता साप असल्याचं सोंग करतो. हे तिनं मराठीत लिहिलं होतं आणि इंग्रजी शब्द खाली पेन्सिलीनं.

मार्चमध्ये शेवटच्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा आली. या परीक्षेला बाहेरच्या कॉलेजातले परीक्षक येतात. परिचरानं नमुने मांडायचे, पाणी द्यायचं आणि तोंड बंद ठेवायचं, असा नियम आहे. जयवंतीचं एक सत्र आधीच वाईट गेलं होतं. तिचे आईवडील दर हंगामात दिंडोरीकडे द्राक्षबागांच्या कामाला यायचे, आणि वडिलांनी तिला बजावलं होतं की यंदा पास झाली नाहीस तर आमच्यासोबत चल. हे ती मला एकदाच म्हणाली होती आणि पुन्हा बोलली नव्हती.

परीक्षकांना घाई होती. बॅच मोठी होती, आणि त्यांना संध्याकाळच्या गाडीनं परतायचं होतं. तोंडी परीक्षा म्युझियममध्येच चालू होती. जयवंती समोर बसली तेव्हा ते कपाटाकडे बघून हसले. "इथे मासा आणि पतंग शेजारी कोणी ठेवला? बरं, सांग, या दोघांत काय साम्य आहे?" बाकीच्या मुलांना ती गंमत वाटली. मागे दोघं-तिघं हसली.

जयवंतीनं मराठीत सुरुवात केली. ते म्हणाले, "इन इंग्लिश." ती थांबली. मग एकेक शब्द जुळवत म्हणाली, "बोथ हॅव स्पायरॅकल, सर."

"व्हॉट?"

"स्पायरॅकल. मॉथ हॅज. रे ऑल्सो हॅज."

त्यांनी सरांकडे पाहिलं. "हे तुमच्याकडे शिकवतात का? माशाला कल्ले असतात, बाई. स्पायरॅकल कीटकांना."

"कल्लेपण आहेत सर, खाली. पण वरती डोळ्यांमागे..."

"पुरे. नेक्स्ट." आणि त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मी त्यांच्या मागे पाण्याचा ग्लास घेऊन उभी होते. मला आकडा दिसला. तो इथे लिहीत नाही, पण त्या आकड्यावर मुलगी पास होत नाही.

खैरनार सर अंतर्गत परीक्षक होते. त्यांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "सर, एक मिनिट, ती कदाचित..." पण ते भिडस्त माणूस. वाक्य पुरं झालं नाही. जयवंती उठून उभी राहिली होती.

मी ग्लास खाली ठेवला. "सर," मी म्हटलं, "तिचं उत्तर बरोबर आहे."

परीक्षक मागे वळले. "तुम्ही कोण?"

"परिचर. हे म्युझियम माझ्याकडे आहे. मुलगी म्हणते ते भोक या माशाला आहे. चुकीचं असेल तर चूक माझी, तिला मी दाखवलंय."

त्यांनी काही म्हणायच्या आत मी कपाट उघडलं. बरणी जड होती, ती दोन्ही हातांनी टेबलावर आणली. मासा ट्रेमध्ये काढला. फॉर्मॅलिनचा वास एकदम वर आला आणि परीक्षकांनी रुमाल नाकाला लावला. मी पिचकारीची बाटली जयवंतीच्या हातात दिली. तिनं टोक बरोबर जागेवर लावलं. पाणी वरून गेलं आणि खालून फटीफटींतून ट्रेमध्ये आलं. मागची मुलं पुढे वाकून बघत होती. आता कोणी हसत नव्हतं.

परीक्षकांनी रुमाल खिशात घातला. मग म्हणाले, "परीक्षेत बोलणं हे परिचराचं काम नाही."

"नाही," मी म्हटलं. "माहीत आहे."

त्यांनी कागदावरचा आकडा खोडला की नाही, हे मी पाहिलं नाही. मी मासा बरणीत ठेवत होते. संध्याकाळी गुणपत्रकावर सही करताना खैरनार सर त्यांच्याशी अर्धा तास बंद दाराआड बोलत होते, एवढं मला माहीत आहे. जयवंती पास झाली. काठावर, पण पास.

परीक्षकांची तक्रार चार दिवसांनी आली. मग मेमो. परीक्षेच्या कामात हस्तक्षेप, परीक्षकांचा अवमान, दोन दिवसांत लेखी खुलासा आणि माफीपत्र द्यावे. घरी यजमान ओझरच्या कारखान्यातून दमून आले होते. त्यांनी मेमो दोनदा वाचला आणि विचारलं, "मासा खरंच तसा आहे का?" मी म्हटलं, आहे. "मग झालं," म्हणाले, आणि जेवायला बसले.

खैरनार सर मात्र दुसऱ्या दिवशी म्युझियममध्ये आले. सर एरवी शुद्ध बोलायचे, पण मन हललं की त्यांची अहिराणी बाहेर यायची. "लिखी दे ना माय," ते म्हणाले. "दोन ओळी. तुम्हनं काय जास त्यामा?"

"सर, तुम्ही बोलला असता तर मला बोलावं लागलं नसतं."

हे मी त्यांना म्हणायला नको होतं. खरं होतं, पण नको होतं. त्यांचा चेहरा उतरला आणि ते निघून गेले. त्या माणसानं मला म्युझियममधलं सगळं शिकवलं होतं. त्यांना निवृत्तीच्या दिवशी मी हार घातला तेव्हाही ते वाक्य आमच्या मध्ये होतं. या सगळ्या प्रकरणात मला एका गोष्टीची लाज वाटते, ती ही.

दोन ओळी मी लिहिल्या. "परीक्षेच्या वेळी मी बोलले हे खरे आहे. मी जे बोलले तेही खरे आहे." खाली सही आणि तारीख.

प्राचार्यांनी मला बोलावून कागद पुढे केला. "यात माफी कुठे आहे?"

"नाही त्यात."

"मग परिणाम होतील."

"होऊ द्या."

परिणाम असा झाला की मला म्युझियममधून काढून स्टेशनरीच्या भांडारात बसवलं. दीड वर्ष मी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आणि खडूची खोकी दिली-घेतली. म्युझियमची किल्ली कार्यालयात टांगलेली असायची. मी तीनदा अर्ज केला की मला आठवड्यातून एक तास आत जाऊ द्या, गोळ्या बदलायच्या आहेत. उत्तर आलं नाही. चौथा अर्ज मी प्राचार्यांच्या टेबलावर स्वतः ठेवला आणि म्हटलं, "मला शिक्षा करा, पेट्यांना नको." त्यांनी तो फाईलला लावायला सांगितला.

प्राचार्य बदलले तेव्हा मला परत पाठवलं. दार उघडलं आणि नेहमीचा वास कमी आहे हे आधी जाणवलं. पाकट वाचला होता, पाणी अर्ध्यावर आलं होतं तरी. पतंगाची पेटी मी उजेडात नेली. आत टाचणी उभी होती. तिच्या भोवती तपकिरी भुगा, आणि एका कोपऱ्यात पंखाचं एक टोक, त्यावर सापाचा डोळा. केसाळ अळ्यांच्या कोरड्या काती सगळीकडे. मी पेटी घेऊन खाली बसले.

त्या वेळी मनात आलं की माफी लिहिली असती तर हा पतंग राहिला असता. लोकही मला तसंच म्हणाले. मी यावर पुष्कळ विचार केला आहे. पतंग मी मारला नाही. ज्यांच्याकडे किल्ली होती आणि ज्यांनी चार अर्ज वाचले, त्यांनी तो जाऊ दिला. हे मी आजही कोणाच्याही तोंडावर सांगेन.

जयवंती आता सुरगाण्याकडे एका आश्रमशाळेत विज्ञान शिकवते. दिवाळीला फोन करते. मराठीत.

माझ्या निवृत्तीच्या आदल्या वर्षी परीक्षेला तेच परीक्षक पुन्हा आले. केस पांढरे झाले होते. बॅच सुरू व्हायला अवकाश होता, मुलं बाहेर ओळीत उभी होती. ते एकटेच म्युझियममध्ये आले आणि पाकटाच्या बरणीसमोर उभे राहिले.

"तुम्ही मला ओळखलंत का?" त्यांनी विचारलं.

"ओळखलं."

त्यांनी बरणीच्या काचेवर बोट टेकवलं. मग म्हणाले, "मला ते माहीत होतं. शिकलो होतो मी ते, विद्यार्थी असताना. पण त्या मुलीच्या तोंडून आलं, म्हणून चुकीचं वाटलं." रुमालानं त्यांनी चष्मा पुसला. "तुम्ही मला बाजूला घेऊन सांगायला हवं होतं."

"तिचा आकडा तुम्ही सगळ्यांसमोर लिहिला होता, सर."

त्यांनी मान हलवली. मग विचारलं, "तुम्हाला नंतर काही त्रास झाला का?"

"दीड वर्ष भांडारात होते."

"मला कळलं नाही."

"तुम्ही विचारलं नव्हतं."

त्यांनी खिशातून पेन काढलं. म्हणाले, "मी आज प्राचार्यांना लिहून देतो. तो मेमो मागे घ्यायला सांगतो. तुमची निवृत्ती जवळ आली आहे, कागद स्वच्छ असलेला बरा."

ते मनापासून बोलत होते, हे मला दिसत होतं. त्यासाठी मी त्यांना मान देते. पण मी होकार दिला नाही.

"नको, सर," मी म्हटलं. "तो कागद राहू द्या. परिचर परीक्षेच्या खोलीत बोलली, असं त्यात लिहिलंय. आणि मी बोलले होते."

मग मी दार उघडलं आणि मुलांना आत घेतलं.